अनलिमिटेडची हद्द कुठे संपते?

वाचकांचे प्रश्न : घरचं ब्रॉडबँड

गेल्या अंकात ‘घरच्या इंटरनेटबद्दल तक्रार असेल तर कळवा’ असं लिहिलं होतं. जी पत्रं आली त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच. प्लॅन अनलिमिटेड, आणि महिना संपायच्या आत नेट रांगायला लागतं. फोन केला की पलीकडून एकच उत्तर, ‘तुमचा एफयूपी संपलाय.’ एफयूपी म्हणजे फेअर यूसेज पॉलिसी. ठरलेल्या जीबीपर्यंत पूर्ण वेग आणि पुढे बिलाची तारीख उजाडेपर्यंत कमी वेग.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी टेलिफोन खात्याच्या बिल शाखेत नोकरी केली. एसटीडीच्या काळात खिडकीशी येणारा जो तो म्हणायचा, ‘बाई, एवढे कॉल आम्ही केलेच नाहीत.’ काहींचं खरं निघायचं, पुष्कळांचं नाही. पण मीटर एक्स्चेंजमध्ये असायचा आणि गिऱ्हाइकाला नुसता आकडा दिसायचा. आता कॉलच्या जागी जीबी आले एवढंच. मीटर अजूनही कंपनीकडेच आहे. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात मी तुम्हाला कागद मागायला सांगणार आहे. कंटाळा करू नका.

प्रश्न : आमचा १०० एमबीपीएसचा अनलिमिटेड प्लॅन आहे. घरात आम्ही चौघं. मुलगा घरून काम करतो, सून ऑफिसला जाते, नातू शाळेतून आला की कार्टून लावतो. सोसायटीत चोरी झाल्यापासून दारात, गॅलरीत आणि पार्किंगमध्ये असे तीन कॅमेरे बसवलेत, ते फोनवर दिसतात. त्याखेरीज नवीन काही नाही. हल्ली बिलाचा महिना सुरू होऊन वीसेक दिवस झाले की नेट बसतं. कंपनी म्हणते, ३,३०० जीबी संपले. एकही एसएमएस आलेला नाही. कंपनी खोटं बोलतेय ना? — एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली

उत्तर : गुरुजी, गणित तुम्ही शिकवत होतात की नाही ते पत्रात लिहिलेलं नाही, तेव्हा मीच मांडते. वीस दिवसांत ३,३०० जीबी म्हणजे दिवसाला १६५. एचडी चित्र पाहायला तासाला साधारण ३ जीबी लागतात. म्हणजे १६५ जीबी नुसतं पाहून संपवायचे तर दिवसाला पंचावन्न तास टीव्ही लावावा लागेल. इथवर तुमचा संशय रास्त आहे.

पण ज्या कॅमेऱ्यांबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, तिथेच मी थांबले. तुम्हाला फोन करून मॉडेल विचारलं. तिन्ही कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर, रेकॉर्डिंग करतात, आणि चित्राचा दर्जा सगळ्यात वरचा ठेवलेला आहे. असा एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट वर चढवत असेल, तर दिवसाला ४३ जीबी होतात. तिघांचे मिळून १३०. आपल्याला वाटतं, आपण जे बघतो तेवढंच मोजलं जातं. बहुतेक प्लॅनमध्ये डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मोजतात. पार्किंगमध्ये रात्रभर चिटपाखरू फिरकलं नाही तरी तो रिकामा पार्किंग सकाळपर्यंत क्लाउडवर जातच राहतो. उरलेल्या ३५ जीबीत मुलाच्या मीटिंगा, टीव्ही, कार्टून आणि फोटोंचा बॅकअप सहज बसतो.

तर कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये ‘हालचाल झाली तरच रेकॉर्ड कर’ ही सोय चालू करा, नाहीतर मेमरी कार्ड टाकून क्लाउड बंद करा. निम्मं भांडण तिथेच मिटेल.

उरलेलं निम्मं मात्र सोडू नका. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपन्यांना निर्देश दिले होते. मर्यादा किती जीबीची, तोवर वेग किती, आणि नंतर किती, हे वेबसाइटवर आणि जाहिरातीत सांगायचं. शिवाय वापर ५० टक्क्यांवर आणि ९० टक्क्यांवर पोहोचला की ग्राहकाला एसएमएसने किंवा ईमेलने कळवायचं. तुम्हाला हे का आलं नाही? फोनवर मी तुम्हाला बिलाच्या वरच्या कोपऱ्यातला मोबाइल नंबर वाचायला लावला, आठवतं? मधले आकडे फुल्या मारून झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे. ते चार तुमचे नाहीत, सुनेचेही नाहीत. जोडणी द्यायला आलेल्या मुलाने फॉर्म भरताना स्वतःचाच नंबर टाकून दिला होता. तुमच्या घरात किती टक्के डेटा उरला, याची खबर इतके दिवस त्याला जात होती.

हा प्रकार मला नवा नाही. केबलवाल्यामार्फत जोडणी घेतलेल्या निदान पाच-सहा पत्रांत तो दिसला. सर्वांनी आजच बिल काढून तो कोपरा बघावा.

गुरुजी, नंबर बदलून घ्या आणि त्याच अर्जात गेल्या तीन बिलांचा दिवसवार वापर मागा. एकूण आकडा देऊन बोळवण करतील, ती स्वीकारू नका, तारखेगणिक हवा म्हणा. दिवाळीत गावी जाल तेव्हा राउटरचं बटण बंद करून जा. त्या दिवसांपुढे शून्य असलं तर मीटर बरा आहे. शून्य नसलं तर मला परत लिहा. मग खरी मजा आहे.

प्रश्न : मी वर्षाचे पैसे एकदम भरून प्लॅन घेतला. तेव्हा सांगितलं होतं, महिन्याला १,००० जीबीपर्यंत १५० एमबीपीएस. पाचव्या महिन्यापासून मर्यादा ६०० केली. विचारलं तर म्हणाले, ‘पॉलिसी रिव्हाइज झाली, सगळ्यांनाच लागू आहे.’ पैसे परत मागितले तर ‘नॉन-रिफंडेबल’. — घरून शिवणक्लासचे व्हिडिओ करणारी, नाशिक

उत्तर : ताई, ‘सगळ्यांनाच लागू’ हे वाक्य खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मीही ऐकलंय. म्हणणाऱ्याला वाटतं, यापुढे बोलणंच खुंटलं. तसं नाही.

ट्रायच्या दरआदेशानुसार ग्राहक एखाद्या प्लॅनमध्ये आला की पहिले सहा महिने त्याच्या तोट्याचा कोणताही बदल त्यात करता येत नाही. आणि आगाऊ पैसे घेऊन सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा प्लॅन विकला असेल, तर त्या पूर्ण मुदतीत तो जसाच्या तसा द्यावा लागतो. तुमचं तर दोन्हीकडून पक्कं आहे. बदल पाचव्या महिन्यात झाला, आणि पैसे वर्षाचे भरलेले. कंपनीला पॉलिसी बदलायची तर खुशाल बदलावी, नव्या ग्राहकांसाठी.

आता पुरावा. तुम्ही पावती जोडलीत ती चांगली, पण तिच्यावर फक्त प्लॅनचं नाव आणि रक्कम आहे, १,००० जीबी कुठेच नाही. त्यापेक्षा मोलाचं तुमच्याच फोनमध्ये आहे. ऑपरेटरने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं ते पिवळं पोस्टर, ज्यावर ‘१००० जीबी’ ठळक छापलंय. ते तारखेसकट दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ऑपरेटरला विचारायला जाऊन त्याला जागं करू नका. कंपनीच्या साइटवर तुमच्या खात्यात प्लॅनचा तपशील असेल तर त्याचीही प्रत आजच काढून ठेवा. ही पानं बदलतात आणि जुनं पान परत दिसत नाही.

मागणी दोन ओळींत लिहा. मुदत संपेपर्यंत १,००० जीबी पूर्ववत करा, किंवा उरलेल्या महिन्यांचे पैसे जीएसटीसह परत द्या. ‘मनस्ताप झाला’ वगैरे या पहिल्या पत्रात नको. ते पुढे ग्राहक आयोगात उपयोगी पडेल. पहिल्या पत्रात रडगाणं असलं की समोरचा फक्त ‘असुविधेबद्दल क्षमस्व’ एवढंच उत्तर पाठवतो.

एक सांगून ठेवते. पत्र कंपनीला लिहायचं, केबलवाल्याला नाही. बिलाच्या खाली बारीक अक्षरात ज्या कंपनीचं नाव असतं, परवाना तिचा आणि जबाबदारीही तिची. केबलवाला तुमच्याच गल्लीत राहतो, त्याच्याशी वैर कशाला?

प्रश्न : मर्यादा संपल्यावर आमच्याकडे ५१२ केबीपीएस मिळतो. नियमात बसतं म्हणतात. पण सरकारनेच ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस असं ठरवलंय ना? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : बरोबर वाचलंयस. ५१२ चा आकडा २०१३ च्या व्याख्येतला. तेव्हा ब्रॉडबँड म्हणजे किमान ५१२ केबीपीएस. त्याच हिशेबाने २०१६ च्या निर्देशात ट्रायने म्हटलं होतं, मर्यादा संपली तरी घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ च्या खाली नेऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने व्याख्या बदलून किमान २ एमबीपीएस केली. तेव्हा कंपनीला लेखी विचार, ‘तुम्ही मला जे विकताय त्याला बिलावर ब्रॉडबँड म्हटलंय. मग महिन्याचे शेवटचे दहा दिवस जे देता ते काय आहे?’

या एका मुद्द्यावर केस जिंकशील असं मी म्हणणार नाही. पण मी पाहिलंय की असा प्रश्न लेखी गेला की बरेचदा वेग गुपचूप वाढतो. २ किंवा ४ एमबीपीएस देणं कंपनीला जड नाही. ५१२ वर चोवीस तास एकसारखं डाउनलोड चालू ठेवलं तरी दिवसाला साडेपाच जीबीच होतात, म्हणजे वाचवायला फार काही नाहीच. हा वेग वरचा प्लॅन घ्यायला लावण्यासाठी असतो, असं माझं मत.

आणि मोजताना बिट-बाइटचा घोळ करू नकोस. वेग ‘६४ केबी’च दिसतो असंही तू पत्रात लिहिलंयस, ते किलोबाइट आहेत, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. गुणिले आठ केलं की ५१२ किलोबिटच होतात. तिथे कंपनीने फसवलेलं नाही.

प्रश्न : रोज रात्री नऊ ते साडेअकरा नेट मंद, नंतर छान. कस्टमर केअर म्हणतं एफयूपी. — पिंपरी

उत्तर : एफयूपी घड्याळ बघून येत-जात नाही. एकदा संपली की बिलाची तारीख येईपर्यंत दिवसरात्र वेग कमीच राहतो. रात्रीच मंद असेल तर एकाच लाइनवर माणसं जास्त झाली आहेत. ट्रायने २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास असं प्रमाण सांगितलं होतं, म्हणजे एका जोडणीच्या क्षमतेवर फार तर पन्नास घरं. तुमच्या इमारतीत ते पाळलंय का, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. आठवडाभर सकाळी सात आणि रात्री दहा असा वायर लावून स्पीड मोजा, वाय-फायवर नको. ते आकडे तक्रारीला जोडा, आणि तक्रारीत ‘एफयूपी’ हा शब्दच वापरू नका. नाहीतर तक्रार भलत्याच खात्यात जाते आणि ‘प्लॅननुसार’ असा शेरा मारून बंद होते.

प्रश्न : आमच्या चौकात भलंमोठं होर्डिंग आहे, ‘अमर्याद इंटरनेट’. मराठीत. कोपऱ्यात फुली आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत अटी. हे चालतं का? — सोलापूर

उत्तर : चालू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. फॉन्टही दाव्याचाच. आणि दाव्यात जे म्हटलं त्याच्या उलट खुलाशात म्हणायचं नाही. वर ‘अमर्याद’ आणि खाली मर्यादा, हे उलट नाही तर काय? फोटो काढा, तारीख आणि चौकाचं नाव लिहा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. होर्डिंग उतरेल की नाही ते सांगता येत नाही, पण तो फोटो वेगाच्या भांडणात तुम्हाला आणि तुमच्या शेजाऱ्यांना कामी येईल.

प्रश्न : महिना दीडशे रुपयांच्या फरकाबद्दल कंपनीकडे तक्रार केली, ट्रायला पत्र पाठवलं, तीन महिने गेले. शेवटी ‘ग्राहक मंचात जातो’ म्हटलं तर कंपनीचा माणूस हसला. म्हणाला, ‘टेलिफोनच्या केसेस तिथे चालत नाहीत.’ खरं का? — किराणा दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : शेठ, तो माणूस जुन्या पुस्तकातलं वाचतोय. आणि ते पुस्तक मी चांगलं ओळखते, कारण आमच्या ऑफिसात ते टेबलावरच असायचं. टेलिग्राफ कायद्याचं ७-ब कलम. टेलिफोनच्या बिलाचा वाद लवादाकडे जाईल, असं त्यात होतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमावर बोट ठेवून, ग्राहक मंचाला हे वाद ऐकता येणार नाहीत, असा निकाल दिला. त्यानंतर कित्येक तक्रारी दारातूनच परत गेल्या. आमच्याकडच्या साहेबांना केवढं हायसं वाटलं होतं!

पण १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेच ती वाट मोकळी केली. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं मोबाइल बिल एरवी पाचशेच्या घरात यायचं, एका महिन्यात ते चोवीस हजारांवर गेलं. कंपनी म्हणाली, ग्राहक मंचाला अधिकारच नाही. न्यायालयाने सांगितलं, आहे. लवादाची वाट असली म्हणून ग्राहक कायद्याची वाट बंद होत नाही. हा निकाल छापून खिशात ठेवा आणि पुढच्या वेळी तो हसला की काढा.

ट्रायचं म्हणाल, तर एकेकट्या ग्राहकाचं गाऱ्हाणं सोडवण्याचा अधिकार ट्रायला कायद्यानेच नाही. ते नियम करतात. तुमचं पत्र फार तर कंपनीकडे पाठवून देतील. तिथे आणखी वाट बघू नका.

कंपनीकडची पायरी तेवढी नीट चढा. तक्रार केंद्राकडे नोंद केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो. तुमच्या पत्रात तो नाही. नुसतं ‘फोन केला होता’ म्हणून भागत नाही. नंबर घ्या. उत्तर पटलं नाही, किंवा मुदतीत आलंच नाही, तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. त्याचा पत्ता साइटवर द्यावाच लागतो, भले तो सातव्या पानाच्या तळाशी असो. फी नाही. त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपील प्राधिकारी कंपनीचाच माणूस असतो, त्यामुळे फार आशा धरू नका, पण त्याचा नकार लेखी मिळतो आणि तोच आयोगात तुमचा पहिला कागद ठरतो.

मग जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की गुरुग्रामला. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरही दाखल होते. मूळ घटनेपासून दोन वर्षं उलटू देऊ नका.

एवढ्यासाठी आयोगात जावं का? तुमचं भांडण महिना दीडशे रुपयांच्या फरकाचं आहे. माझ्या ओळखीतले दुकानदार म्हणतात, दुकान सोडून तारखांना कोण जाणार. बरोबरच आहे. पण अनुभव असा, की नोटीस कंपनीच्या विधी विभागाच्या टेबलावर पडली की कस्टमर केअरला जे महिनोन्‌महिने जमलं नव्हतं ते चटकन जमतं. दीडशे रुपयांसाठी वकील उभा करणं त्यांनाही परवडत नाही.

प्रश्न : शेजारच्या काकूंना कोविडच्या काळात आमच्या वाय-फायचा पासवर्ड दिला होता. आता त्यांच्याकडे स्मार्ट टीव्ही आलाय आणि आमची मर्यादा पंचवीस तारखेला संपते. कंपनीकडे काही दाद? — नाव नको, चिंचवड

उत्तर : कंपनीकडे कशाला? जोडणी तुमच्या नावावर आहे, काकूंनी पाहिलेल्या मालिकाही तुमच्याच खात्यावर मोजल्या जाणार. आणि त्या वाय-फायवरून उद्या कोणी काही भानगड केली, तर पोलीस आधी तुमचं दार वाजवतील. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते, ती बघा. काकूंचा टीव्ही त्यात नावानिशी असेल, आणि कदाचित वरच्या मजल्यावरचे दोन फोनही. पासवर्ड बदला. काकूंनी विचारलं तर ‘राउटर बदलला’ म्हणा.

पुढच्या अंकात सोसायटीच्या टँकरचं बिल. पत्रासोबत बिलाची झेरॉक्स पाठवा, मूळ बिल पाठवू नका. गेल्या वेळची चार मूळ बिलं अजून माझ्याकडे पडून आहेत, ज्यांची असतील त्यांनी कार्यालयातून घेऊन जावीत.